टेपवरची नजर वर करायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. यशोधरा ओव्हाळ यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांदेखत झापलं त्या दिवशी. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण डॉक्टरबाईंना गुळमुळीत बोलणं आवडत नाही, आणि साठी पूर्ण झाली म्हणून त्यांची आवड बदलली असेल असं मला वाटत नाही.

मी नसीम तांबोळी. हडपसरला भाजी मंडईमागच्या गल्लीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. या ग्रंथात बाकीचे लेख डॉक्टरबाईंच्या सहकाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे आहेत. सरकारी रुग्णालयात त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल ती मंडळी माझ्यापेक्षा नक्कीच बरं लिहितील. मला कापडावरच्या टाक्यांपुरतंच कळतं. संपादकांनी लेख मागताना एक सूचना केली होती की, 'स्तन' या शब्दाऐवजी 'छाती' लिहिलं तर बरं, ग्रंथ घराघरांत जाणार आहे. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "छाती लिहिलंत की बायका खोकल्याचं औषध घेऊन घरी जातात. स्तन लिहा." म्हणून स्तन लिहिते आहे. संपादकांनी राग मानू नये.

तर त्या दिवसाची गोष्ट. बारा-तेरा वर्षं झाली असतील. माझ्या दुकानात तेव्हा मंगल शेवाळे नावाच्या गिऱ्हाईक होत्या, आजही आहेत. मंडईच्या दारात त्या पालेभाजी विकतात. त्यांचं नाव लिहू का, असं मी त्यांना आधी विचारलं. "लिवा की. मोठ्या अक्षरात लिवा," असं त्यांनी सांगितलं आहे. मंगलताईंनी त्या वर्षी माझ्याकडे एकच ब्लाऊज तीनदा आणला होता. पहिल्यांदा म्हणाल्या, डाव्या बाजूला आवळतो. मी डावी शिलाई उसवली, आत दाबलेलं कापड सोडलं आणि सैल करून दिला. महिन्याभरानं म्हणाल्या, कापड चावतंय, खाज येती. मी अस्तर काढून मऊ मलमलचं लावलं. तिसऱ्यांदा त्या परत आल्या की पुन्हा डाव्याच बाजूला आवळतो. मी पुन्हा उसवायला घेतलं. दुकानातल्या स्टुलावर एक बाई स्वतःचे ब्लाऊज न्यायला येऊन बसल्या होत्या. त्या माझं काम बराच वेळ बघत होत्या.

"एकाच बाजूला सैल करताय?" त्यांनी विचारलं.

"हो. तिसऱ्यांदा," मी अभिमानानं सांगितलं. गिऱ्हाइकाला परत न पाठवणारी टेलर म्हणून माझं नाव होतं.

"अहो, ब्लाऊज आजारी नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही औषध भलत्याच पेशंटला देताय."

मग आपण डॉक्टर असल्याचं सांगून त्यांनी मंगलताईंना पडद्याआड नेलं, मलाही बोलावलं. डाव्या स्तनाची कातडी जाड झाली होती आणि तिच्यावरची छिद्रं ठळक दिसत होती, अगदी संत्र्याच्या सालीसारखी. खालच्या अंगाला लालसर झाक होती. स्तनाग्र किंचित आत ओढलं गेलं होतं. "हे तुम्हाला दिसलं नाही?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं. पडदा पातळ होता आणि बाहेर तीन बायका बसल्या होत्या.

खरं सांगते, दिसलं होतं. माप घेताना दिसलं होतं. पण आमच्या सासूबाईंनी, ज्यांना आम्ही अम्मी म्हणायचो, मला शिवण शिकवताना पहिला धडा दिला होता तो असा: बाई तुझ्यासमोर पदर काढते ती भरवशानं, तेव्हा नजर टेपवर ठेव, अंगावर नको. पंचवीस वर्षं मी तो धडा पाळला. गिऱ्हाइकं माझ्याकडे येत ती त्याच सभ्यतेसाठी. आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि दिसलेलं विसरायचं. डावीकडचा आकडा दर महिन्याला वाढत होता, तोही मी वहीत नीट लिहिला होता. इतकी नीटनेटकी चूक माझ्या हातून त्याआधी झाली नव्हती.

मंगलताई मात्र जायला तयार होईनात. "दुखत न्हाई, गाठ न्हाई हाताला लागत. मग काय दाखवायचं?" त्यांचं म्हणणं. शिवाय दोन महिन्यांवर थोरल्या मुलीचं लग्न होतं. लग्न झालं की दाखवू, हा आमच्या बायकांचा ठरलेला वायदा. लग्न झालं की बाळंतपण येतं, ते झालं की बारसं. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. चिडणं त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. त्या स्टुलावर मंगलताईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मंगलताई, गाठ लागेपर्यंत थांबायचं असं कुणी सांगितलं? काही आजार कातडीवरच दिसतात. दुखत नाही म्हणूनच तर मला काळजी वाटते. हा कदाचित साधा जंतुसंसर्गही असेल. मग औषध देऊ आणि मी तुमच्याकडून मेथीची जुडी घेऊन जाईन. पण ते बघून ठरवायचं, लांबून नाही. उद्या सकाळी मी दवाखान्यात आहे. नसीमबाई तुम्हाला घेऊन येतील."

मी घेऊन जाईन का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी गेले. सकाळी दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघी बसनं गेलो. तपासण्या झाल्या, सुईनं तुकडा काढून पाठवला, आणि निदान आलं ते कर्करोगाचंच. मंगलताईंनी पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा. "मी असन का मांडवात?"

मी आयुष्यात बऱ्याच लोकांना गोड बोलताना ऐकलं आहे. डॉक्टरबाई गोड बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजार पुढे गेलेला आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. आधी औषधाच्या सुया, मग शस्त्रक्रिया, मग किरणांचा शेक. लांबचा रस्ता आहे आणि मी सबंध रस्ता तुमच्याबरोबर आहे. लग्नाची तारीख सांगा." मग त्यांनी सुया देणाऱ्या डॉक्टरांशी बसून तारखा अशा लावल्या की लग्न दोन सुयांच्या मधल्या बऱ्या आठवड्यात यावं. ते डॉक्टर कुरकुरले म्हणे. डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं की बाईला जगायचं कशासाठी हे माहीत असलं की ती उपचार अर्धे सोडत नाही, आणि तुम्हाला अर्धे सोडलेले पेशंट नको असतील तर कॅलेंडर काढा.

लग्न झालं. मंगलताईंच्या डोक्यावर केस नव्हते, पदर होता. नवरीच्या आईचा ब्लाऊज मी शिवला होता, पुढून हूक, सैल आणि आत मलमल. या वेळी मापं घेताना मी नजर खाली घातली नाही. डावीकडची कातडी नरम पडायला लागली होती, लाली ओसरत होती. औषध लागू पडतंय, हे दवाखान्यातल्या कागदाआधी माझ्या टेपनं मला सांगितलं. डॉक्टरबाई लग्नाला आल्या होत्या. मांडवात मंगलताईंच्या जावेनं विचारलं, "तुमी नवऱ्याकडच्या का नवरीकडच्या?" तर म्हणाल्या, "मी मंगलताईंकडची." त्या दिवशी मी मांडवाच्या मागे जाऊन रडले. दुःखानं नाही, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

पुढे शस्त्रक्रिया झाली. डावा स्तन काढावा लागला. मंगलताई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा पदर घट्ट आवळून आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी मला आधीच फोन करून सांगितलं होतं, "आता तुमचं काम." ब्लाऊजच्या आत खिसा शिवायचा, त्यात मऊ गादी बसवायची, वजन दोन्ही खांद्यांवर सारखं यायला हवं, आणि शिलाई जखमेच्या जागी टोचता कामा नये. चार ब्लाऊज मी उसवून पुन्हा शिवले तेव्हा कुठे पाचवा जमला. मंगलताई आरशात बघून म्हणाल्या, "झालं. आता मंडईत जाते." आणि गेल्या. आज त्या तिथंच बसतात, मेथी निवडतात, आणि भाव करणाऱ्या माणसाकडे अशा नजरेनं बघतात की तो जुडी घेऊन गुपचूप निघतो. त्यांच्या तपासण्या दर वर्षी होतात आणि दर वर्षी स्वच्छ येतात. नातू शाळेत जातो.

दुसऱ्या कुणी असतं तर इथंच थांबलं असतं. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "नसीमबाई, हडपसरमध्ये ब्लाऊज शिवणाऱ्या किती जणी आहेत?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. "मग मोजा, आणि रविवारी दुपारी तुमच्या दुकानात बोलवा."

पहिल्या रविवारी सात जणी आल्या आणि नारायण पेठेतून एक वयस्कर शिंपी मास्तर आले. ते कुणाचंही माप अंगावरून घेत नसत, नमुन्याचा ब्लाऊज मागत. डॉक्टरबाईंनी शेजारच्या गाड्यावरून एक संत्रं आणवलं आणि ते हातोहात फिरवलं. मग सांगायला लागल्या. वहीत लिहू नका, डोक्यात ठेवा, म्हणाल्या. कातडीला खळगा पडला, सुरकुती ओढल्यासारखी दिसली, ती या सालीसारखी झाली, लाली किंवा सूज आली, स्तनाग्राला खपल्या धरल्या, ते नव्यानं आत गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, जखम भरेना, आणि यातलं काही नवीन असेल, त्यातही एकाच बाजूला, तर त्या बाईनं डॉक्टर गाठायचा. पुरळ वाटलं तर फार तर दोन आठवडे, त्यापुढे वाट बघणं नाही. लाल होऊन गरम लागतंय, ताप आहे, किंवा दिवसागणिक पसरतंय, तर दोन आठवडेसुद्धा नाहीत, त्याच दिवशी जायचं. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून असं होऊ शकतं, औषधानं ते उतरतं, पण नाही उतरलं तर परत जायचं, पुन्हा तेच मलम चोळत बसायचं नाही. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "बहुतेक जणींना काहीही भयंकर निघत नाही. बुरशी निघते, ॲलर्जी निघते, नव्या इलॅस्टिकचा काच निघतो. तुम्ही रोगाचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही फक्त म्हणायचं, दाखवून या."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टर, आम्ही गिऱ्हाइकाला 'या, बसा' एवढंही म्हणत नाही. आणि हे विचारायचं?"

"मग बसा म्हणू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नमुन्यापेक्षा नवा ब्लाऊज एकाच बाजूला मोठा का मागितलाय, एवढं विचारा. तुम्हाला जमत नसेल तर घरातून विचारायला लावा."

पुढच्या रविवारी मास्तर पत्नीला घेऊन आले आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहिले. आज नारायण पेठेत ते काम त्यांच्या पत्नी करतात, आणि मास्तर म्हणतात, दुकान माझं आहे पण बायका हिच्यासाठी येतात.

डॉक्टरबाई येरवड्यात वाढल्या. सात माणसं, एक खोली. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात आरसा होता, पण तो फक्त चेहऱ्यापुरता. आणि अंग बघायचं तर कोपराच नव्हता. माझ्या आईनं स्वतःला कधी धड पाहिलं असेल असं मला वाटत नाही." हे बोलल्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या रिक्षानं हडपसरला आल्या. रिक्षात त्यांच्या मांडीवर आडवा धरलेला पुरुषभर उंचीचा आरसा होता. एक टोक बाहेर आलेलं, रिक्षावाला रस्ताभर इतर वाहनांना शिव्या देत आलेला. रिक्षातून उतरताना त्यांचे हात बधिर झाले होते. तो आरसा त्यांनी माझ्या दुकानात आतल्या बाजूला लावून घेतला, जाड पडदा शिवून घेतला, आतून कडी बसवली, आणि स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली: 'हा आरसा साडी बघण्यासाठी नाही. हात वर करा, मग कमरेवर ठेवा, दोन्ही बाजू बघा. फरक दिसल्यास टेलरला सैल करायला सांगू नये, डॉक्टरला दाखवावे.' पुण्यात पाटीवरून माणसं दुखावतात अशी ख्याती आहे. या पाटीनं मला फक्त माणसं मिळवून दिली. कितीतरी बायकांसाठी ती कडी लागणारी एकमेव जागा आहे. काही जणी शिवायला काही नसतानाही येतात, पाच मिनिटं आत थांबतात आणि हसून जातात. काही जणी न हसता बाहेर येतात, तेव्हा मी शटर अर्धं ओढून त्यांच्याबरोबर जाते.

दोष लिहिले नाहीत तर गौरव खरा वाटत नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरबाई वेळ पाळत नाहीत. दुपारी तीनला येते म्हणतात आणि पाचला येतात, कारण वाटेत कुणाच्या तरी घरी कुणाचा तरी रिपोर्ट बघायचा असतो. चहा साखरेशिवाय पितात आणि दुसऱ्यानं साखर घातली तरी तोंड वाकडं करतात. आणि आपल्या स्वतःच्या तब्येतीबद्दल त्या अतिशय बेजबाबदार आहेत. हा तिसरा दोष मला या उन्हाळ्यात कळला, आणि तो त्यांच्या परवानगीनं इथं छापते आहे.

सत्काराच्या साडीवरचा ब्लाऊज मीच शिवणार, हे ठरलेलंच होतं. डॉक्टरबाई माप द्यायला आल्या. उजव्या स्तनाखालच्या घडीत लाल चट्टा होता, कडेला खपली धरलेली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"घामोळं आहे. उन्हाळा आहे."

"मी कधीपासून विचारलं."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "महिना झाला असेल. नसीमबाई, मी डॉक्टर आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणून तर महिना झालाय. भाजीवाली असती तर मी पंधराव्या दिवशी नेली असती." आणि मी टेप गुंडाळून ठेवली. दाखवून आल्याशिवाय माप घेणार नाही, असं सांगितलं. त्यांनी मला ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्यांचे विद्यार्थी ओळखतात. मी हलले नाही. बारा वर्षं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली बाई हलणार कशी?

चार दिवस फोन आला नाही. ते चार दिवस मी दुकानात बसून चुकीच्या जागी टाके घातले आणि पुन्हा उसवले. मंगलताई दोनदा चौकशीला येऊन गेल्या, दुसऱ्या वेळी पालक ठेवून गेल्या, जणू पालकानं काही होणार होतं. आम्हा दोघींच्या मनात एकच होतं. ज्या बाईनं आम्हाला वेळेवर जायला शिकवलं, तिला उशीर झाला नसू दे.

पाचव्या दिवशी मंगलताई दुकानातच होत्या, तेव्हा डॉक्टरबाई आल्या. सकाळी फोनवर तीनला येते म्हणाल्या आणि पहिल्यांदाच वेळेवर आल्या. त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं त्यांना तपासलं होतं, आणि कितीतरी वर्षं टाळलेल्या बाकीच्या तपासण्याही त्याच फेरीत करून घेतल्या होत्या. सगळं स्वच्छ. चट्टा बुरशीचा होता, मलम चालू होतं, अर्धा उतरलाही होता. त्या स्टुलावर बसल्या आणि चहा मागवला. मी हसायला लागले, मग मंगलताई हसायला लागल्या. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "नसीमबाई, मला घामोळं आहे असं खरंच वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं बायकांना रागावले की दाखवायला का आला नाहीत. आता कळलं, का येत नाहीत."

मंगलताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भ्या वाटतंच. पर तुमी गेला की न्हाई? मग झालं तर."

मी टेप उचलली. मापं घेतली. दोन्ही बाजू सारख्या.

ही एवढीशी गोष्ट मला गौरवाच्या जागी का सांगावीशी वाटली, ते सांगते. मोठ्या माणसांच्या गौरवात आपण त्यांनी इतरांना काय दिलं ते मोजतो. डॉक्टरबाईंनी आम्हाला जे दिलं, ते इतकं पक्कं रुजलं की एका ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं खुद्द त्यांनाच दवाखान्यात धाडलं आणि एका भाजीवालीनं त्यांना धीर दिला. यापेक्षा मोठा विजय कुठल्या गुरूचा असतो, मला माहीत नाही. हडपसरातच नव्हे, येरवड्यात आणि पेठांत आज ज्या बायका 'दुखत नाही तरी दाखवून आले' असं सहज म्हणतात, त्या सगळ्या या विजयात आहेत.

डॉक्टरबाई, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. माझा स्वभाव शुभेच्छांवर विसंबून राहायचा नाही. म्हणून पुढच्या वाढदिवसाच्या ब्लाऊजचं कापड मी आत्ताच आणून ठेवलं आहे, त्याच्या पुढच्या वर्षीचंही, आणि कपाटात अजून पुष्कळ जागा आहे. मापाचा जुना ब्लाऊज मी स्वीकारणार नाही. दर वर्षी आपल्याला स्वतः यावं लागेल.